बोक्याची तातडी

बोक्याला लघवी होत नव्हती. बाब तशी खासगी होती, आणि तिचा बोभाटा करायची कुणालाच हौस नव्हती. पण नर मांजराची लघवी अडली आणि दिवसभर तशीच राहिली, तर मांजर जगत नाही, हे बाईंना ठाऊक होतं.

बाई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. लोक जे पाणी पितात त्यात काय काय आहे ते त्या रोज काचेच्या नळ्यांमध्ये बघत, आणि जे असेल ते खालच्या आवाजात वर कळवत. वरचे लोक ते आणखी खालच्या आवाजात फाइलला लावत. बाईंचा आवाज चढलेला प्रयोगशाळेत कुणी ऐकला नव्हता. एकदा टेबलावरून ॲसिडची बाटली खाली पडून फुटली तेव्हा बाकीचे ओरडत दाराकडे पळाले. बाईंनी बाटलीत कुठलं ॲसिड होतं आणि किती तीव्र होतं ते आधी सांगितलं, मग सोडा मागितला.

बोका म्हटलं तर त्यांचा नव्हता. इमारतीच्या पंपाच्या खोलीत तो सापडला, तेव्हा त्याचा एक कान फाटलेला होता, अंगावर खरूज होती, आणि आपल्याला वाचवलं जातंय याबद्दल त्याची स्पष्ट नाराजी होती. बाईंनी त्याला टॉवेलात गुंडाळून वर आणला आणि औषधपाणी केलं. नवऱ्याने त्याचं नाव 'साहेब' ठेवलं, कारण तो दिवसभर उबेला बसून समोरच्याकडे नापसंतीने बघे आणि स्वतः काही करत नसे. साहेब कुणाला हात लावू देत नसत. फक्त बाई ओट्याशी उभ्या राहून भांडी घासत असल्या की ते येत आणि बाईंच्या पावलावर बसत. शेजारी नव्हे, पावलावर. मग पाय कितीही अवघडला तरी बाई शेवटचं भांडं दोनदा घासत.

त्या दिवशी सकाळी साहेब वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसले, उठले, पुन्हा बसले. ट्रे कोरडा राहिला. मग ते न्हाणीघराच्या गार फरशीवर जाऊन बसले आणि तिथेही काही झालं नाही. त्यांना उलटी झाली. बाईंनी पोटाखाली हळूच चाचपलं, तर मूत्राशय टणक चेंडूसारखं लागलं. त्यांनी प्रयोगशाळेत फोन करून रजा टाकली, साहेबांना जाळीच्या टोपलीत घातलं आणि रिक्षा केली. आयुष्यात पहिल्यांदाच साहेब टोपलीत जाताना भांडले नाहीत. बाईंना त्याचीच काळजी वाटली.

शहरातले जुने दोन्ही जनावरांचे दवाखाने बंद करून त्यांच्या जागी एकच नवंकोरं प्राणी आपत्कालीन रुग्णालय काढलेलं होतं. काचेची इमारत, गारेगार हवा, दारातच मोठा फलक: 'येथे प्रत्येक अश्रूची दखल घेतली जाते.' भिंतीवर लिहायची भाषा अशीच असते, असं समजून बाई पुढे गेल्या.

"काय झालंय?" स्वागतकक्षातल्या मुलीने विचारलं.

"मूत्रमार्ग अडलाय," बाई म्हणाल्या. "नर आहे. सकाळपासून थेंबही नाही, उलट्या सुरू झाल्यात. मूत्रपिंडातून जायचं ते रक्तातच साठतंय, त्यातलं पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडतं. नळी घालून मोकळं करावं लागेल. लगेच केलं तर वाचेल."

मुलीची बोटं कळफलकावर तशीच थांबली. "मॅडम, मी काय झालंय ते विचारतेय."

"तेच सांगितलं."

"ते त्याला. तुम्हाला काय होतंय?"

"मला?"

"म्हणजे, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?"

बाईंनी क्षणभर विचार केला. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं ही त्यांची जुनी खोड होती. "मी ठीक आहे," त्या म्हणाल्या.

मुलीने तेवढंच टंकलं. मग कुणाला तरी हाक मारली आणि आतून एक गृहस्थ आले. गळ्यात टाय, अंगावर एकाही प्राण्याचा एकही केस नाही. छातीवरच्या बिल्ल्यावर 'पालक-भावना मूल्यमापक' असं लिहिलेलं होतं. त्यांच्या हातात आवाज मोजायचं एक यंत्र होतं आणि टिपकागदाच्या निळ्या पट्ट्यांचं एक पुडकं. त्यांनी एक पट्टी अदबीने बाईंच्या उजव्या डोळ्याखाली धरली.

"हे कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"अश्रूंसाठी. अश्रू आले की कागद गुलाबी होतो."

बाईंनी कागद हातात घेऊन उजेडात धरला. "हा मिठाला रंग बदलत असणार. म्हणजे घामालाही बदलेल. तुम्ही साध्या पाण्याच्या कोऱ्या नमुन्यावर तपासून घेतलाय का?"

मूल्यमापकांनी कौतुकाने मान हलवली आणि नोंद केली: 'पालक शांत व चौकस.' मग खिशातून हिरव्या कागदाची एक पट्टी काढली आणि बाईंच्या मनगटाला बांधली.

"हिरवी म्हणजे?"

"वाट बघू शकता."

"मी बघू शकते. तो बघू शकत नाही. आणि ही त्याला बांधायला नको का?"

"पूर्वी त्यांनाच बांधायचो," मूल्यमापक म्हणाले. ते शिकवायच्या स्वरात बोलत, पण स्वर गोड होता. "पूर्वी प्राण्याची तातडी मोजायचो आम्ही. त्यात फार घोळ व्हायचा. प्राणी काही सांगत नाहीत, उलट लपवतात. मांजर तर मरायला टेकलं तरी तोंडावर तेच भाव. शिवाय अभिप्राय प्राणी देत नाहीत, पालक देतात. अभ्यास केल्यावर लक्षात आलं, जे जास्त रडतात तेच जास्त तक्रार करतात. म्हणून मधलं सगळं काढून टाकलं. आता थेट रडणंच मोजतो."

"पण रडण्याचा आणि आजाराचा काय संबंध?"

"सिद्ध झालाय ना. ज्यांना आम्ही आधी आत घेतो, त्यांचं रडणं थांबतं."

यात कुठे चूक आहे ते बाईंना लगेच दिसलं. पण ती सांगायला लागलो तर आपण आणखी चौकस ठरू, हेही त्यांना कळलं. त्या गप्प बसल्या. मूल्यमापकांनी त्याचीही नोंद केली.

प्रतीक्षालयात लाल पट्ट्यांना वेगळे सोफे होते. पहिल्या सोफ्यावर एक पांढरंशुभ्र कुत्रं होतं. ते नखं कापायला आलेलं होतं आणि मजेत होतं. त्याच्या मालकीणबाई मात्र 'आईला सोन्याचं दुखणं बघवत नाही गं' असं म्हणत ओक्साबोक्शी रडत होत्या. त्यांच्या पलीकडे एक पोपट होता. तो सकाळपासून बोलला नव्हता. मालक म्हणत होते की तो आपल्यावर रुसलाय, आणि ज्या रीतीने ते म्हणत होते ती ऐकता पोपटाचं बरोबर वाटत होतं. एक कासव होतं, ते हललं नव्हतं. आतल्या डॉक्टरांनी मघाशी त्याला तपासून झोपलंय असं निदान केलं होतं. पण घरच्यांचा हंबरडा काही थांबेना, म्हणून त्याला निरीक्षणाखाली ठेवायचं ठरलं होतं.

शेवटच्या सोफ्यावर मांडीवर रिकामी टोपली घेऊन एक गृहस्थ बसले होते. बाईंना राहवलं नाही.

"तुमचा प्राणी आत गेलाय का?"

"नाही हो. तो घरीच आहे. चांगलाय." त्यांनी नाक पुसलं. "पण त्याला काही झालं तर काय, असा विचार मनात आला आणि मला आवरेचना."

"मग?"

"मग काय, लगेच लाल दिली. फार चांगली माणसं आहेत ही."

टोपलीतून एक बारीक आवाज आला. साहेबांनी कधी असा आवाज काढलेला बाईंना आठवत नव्हता. बाईंनी जाळीतून बोटं घातली. एरवी साहेब बोटाकडे अर्ज फेटाळल्यासारखं बघत. आज त्यांनी बोटावर कपाळ टेकवलं. पंजे गार लागत होते.

बाई पुन्हा मूल्यमापकांकडे गेल्या. "ही पट्टी बदलायला काय करावं लागेल?"

"तसा तुम्हाला वाव कमीच आहे," ते हळहळून म्हणाले. "किती दिवसांचा संबंध?"

"महिना-सव्वा महिना."

"जन्मापासूनचा नाही. विकत घेतलेलाही नाही. मग तुम्ही पालकांत बसत नाही, आश्रयदात्यांत बसता. आश्रयदात्याचं दुःख आम्ही निम्मं धरतो."

"का?"

"तुम्ही माणुसकी म्हणून आणलाय ना त्याला? मग झालं तर. माणुसकीला घाई नसते."

"आणि मी पालक झाले तर? आत्ता, इथे?"

"अवश्य. दत्तक विधान इथेच करतो आम्ही, शेजारच्याच खिडकीत. फक्त प्राणी निरोगी लागतो. आजारी प्राणी आम्ही कुणाच्या गळ्यात मारत नाही, ते नैतिकतेत बसत नाही."

बाईंनी नवऱ्याला फोन लावला. तो कचेरीत होता.

"इथे रडावं लागतंय," त्या म्हणाल्या.

"साहेबांचं काही...?"

"अजून नाही. रडल्याशिवाय आत घेत नाहीत."

"मग रड ना जरा."

"कसं?"

"मला काय विचारतेस? आपल्या लग्नात सगळे रडले. माझा बाप रडला, तुझा बाप रडला, फोटोवाला रडला. तू मला विचारत होतीस, गाडीची चाकं तपासलीयेत का म्हणून." मग तो गंभीर झाला. "हे बघ, मी निघतो. पण मला पोचायला वेळ लागेल. तू धाकटीला बोलाव. ती जवळच राहते, आणि हे तिचंच काम आहे."

धाकटी म्हणजे बाईंची नणंद. बाई तिला गमतीने 'वन्सं' म्हणत आणि त्या 'वन्सं'ला साजेसं 'अहो-जाहो' करत. वन्संच्या डोळ्यांना कोरड अशी नव्हतीच. अनोळखी लग्नाच्या मांडवावरून जाता जाता त्या रडत, मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यालाच रडत, आणि एकदा वाण्याने दुकान रंगवलं म्हणून रडल्या होत्या, कारण जुना रंगही किती चांगला होता.

वन्सं रिक्षातून उतरल्या त्या पदर डोळ्याला लावूनच. "वहिनी, अगं काय झालं गं हे? कुठेय माझा बोका?"

"वन्सं, तो तुम्हाला ओरबाडतो. तुम्ही त्याला मेल्या म्हणता."

"मायेनं म्हणते गं." त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं. साहेब कुशीवर पडलेले होते, डोळे अर्धे उघडे. वन्संनी श्वास आत ओढला आणि मग जो सूर लावला, त्याने पांढऱ्या कुत्र्याच्या मालकीणबाई रडायच्या थांबून कौतुकाने बघायला लागल्या. आवाजाच्या यंत्राचा काटा टोकाला जाऊन थरथरत राहिला. टिपकागद गुलाबी झाला, मग लाल, मग त्याचा लगदा झाला.

"पालक कोण लावू?" मूल्यमापक घाईने लिहीत म्हणाले.

"मीच त्याचं सगळं काही आहे हो," वन्सं म्हणाल्या. याची शहानिशा करण्याचं धैर्य कुणालाच झालं नाही. वन्संच्या मनगटाला लाल पट्टी बांधली गेली, आणि समोरचं काचेचं दार, जे फक्त लाल पट्टीलाच उघडत असे, सरकन उघडलं.

बाईंनी टोपली उचलली.

"तुम्ही नाही," मूल्यमापक हात आडवा धरून म्हणाले. "टोपलीही नाही. आधी पालक."

"आजारी तो आहे."

"नियम आहे. पालक स्थिर झाल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. रडणाऱ्या माणसासमोर उपचार केले तर अभिप्राय खराब येतात."

वन्संना आत नेऊन मऊ खुर्चीवर बसवलं, हे काचेतून दिसत होतं. त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, पाणी दिलं, रक्तदाब बघितला. समोर रंगीत माशांची पेटी होती. एका मृदू आवाजाच्या समुपदेशक बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि दीर्घ श्वास घ्यायला लावला. वन्सं चांगल्याच घरच्या. समोरचा एवढं प्रेमाने सांगतोय तर त्याचं मन मोडायचं नाही, म्हणून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. आणखी एक घेतला. मग त्यांना खरंच बरं वाटायला लागलं. समुपदेशक बाईंनी लाल पट्टी कापून पिवळी बांधली. त्या माशांबद्दल काहीतरी बोलल्या, वन्सं हसल्या. पिवळी कापून हिरवी बांधली.

वन्सं बाहेर आल्या. मागे दार मिटलं.

"वहिनी, फार छान वाटतंय गं," त्या म्हणाल्या, आणि मग बाईंचा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं. "अगं, मी काय करू? त्यांनी इतकं नीट समजावलं."

"तुमची तातडी निवारली गेलेली आहे," मूल्यमापक म्हणाले. "आमचं यशाचं प्रमाण शंभर टक्के आहे."

"पुन्हा रडते ना मी, थांब," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी चेहरा वाकडा केला. पण एका तक्रारीसाठी एकदाच रडता येतं, असा नियम निघाला. नाहीतर लोक गैरफायदा घेतात.

काचेच्या दारापलीकडे डॉक्टर येऊन उभे होते. त्यांनी हातमोजे घातलेले होते. दाराला बोटाएवढी फट होती, तिथे तोंड लावून ते हळूच म्हणाले, "मघापासून बघतोय मी. मूत्रमार्ग अडलाय ना?"

"हो. सकाळपासून. आता ठोकेही मंद लागताहेत."

"नळी काढून ठेवलीये. सलाइन लावून ठेवलंय. मला फार वेळ लागणार नाही हो. पण दार तुमच्या पट्टीनंच उघडतं."

"तुम्ही बाहेर या."

"बाहेर येऊन हात लावला तर तो उपचार धरत नाहीत, गैरवर्तन धरतात. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी असाच एक ससा वाचवला. आता ते विमा विकतात." डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. "काल मी स्वतः रडून बघितलं. पगारी अश्रू मोजत नाहीत म्हणाले. बाई, तुम्हीच जरा ओरडा ना. नुसतं ओरडलात तरी चालेल. खोटं असलं तरी यंत्राला कळत नाही."

बाई प्रतीक्षालयाच्या मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडलं. ओरडायला काहीतरी शब्द लागतात, असं त्यांना वाटलं, आणि जे खरं होतं तेच शब्द आले. "पोटॅशियम वाढतंय," त्या म्हणाल्या. नेहमीपेक्षा किंचित मोठ्याने. काटा हलला नाही. त्यांनी डोळे मिटून सगळं दुःख आठवायचा प्रयत्न केला. गेलेली आई आठवली, पण आईच्या वेळीही त्यांनी डॉक्टरांना औषधांचीच माहिती विचारली होती, आणि भावाने त्यावरून वर्षभर अबोला धरला होता. छातीत काहीतरी दगडासारखं होतं, हे त्यांना जाणवत होतं. ते वर येत नव्हतं इतकंच. यंत्र गळ्याच्या वरचंच मोजत होतं.

मूल्यमापकांना आता खरोखरच वाईट वाटायला लागलं होतं. ते दुष्ट नव्हते. "एक मार्ग आहे," ते जवळ येऊन म्हणाले. "सामूहिक हळहळ योजना. ज्यांना स्वतःला रडता येत नाही, अशांसाठीच काढलीये. तुम्ही सगळ्यांसमोर तुमची हकिकत सांगायची. ऐकणाऱ्यांनी सुस्कारा टाकला की यंत्र तो तुमच्या नावावर धरतं. दालन भरलेलं आहे, लोक हळवे आहेत. सांगा तुम्ही."

बाईंनी टोपली टेबलावर ठेवली. झाकण उघडून एक हात आत साहेबांच्या छातीवर ठेवला. आणि आहे ती हकिकत आहे तशी सांगायला सुरुवात केली. बोक्याला लघवी होत नव्हती, इथपासून.

पहिल्या वाक्यालाच कुणीतरी फिसकन हसलं.

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. नमुन्यात जे असेल ते सांगायचं, एवढंच त्यांना येत होतं. साहेबांचं नाव साहेब का पडलं ते त्यांनी सांगितलं, तेव्हा पोपटाचे मालक मांडीवर थाप मारून हसले. त्यांचेही एक साहेब होते. 'तुम्हाला काय होतंय' आणि 'मी ठीक आहे' हे ऐकून मागच्या रांगेत खसखस पिकली. टिपकागद कोऱ्या नमुन्यावर तपासायचा सल्ला आला तेव्हा स्वागतकक्षातली मुलगी तोंडावर हात ठेवून खाली वाकली. बाईंचा चेहरा जितका गंभीर, तितकं लोकांना आवरेना.

"कासव झोपलंय," कुणीतरी दुसऱ्याला सांगितलं, ज्याचं हसण्यात ऐकायचं राहून गेलं होतं.

रिकाम्या टोपलीची गोष्ट आली तेव्हा रिकाम्या टोपलीचे गृहस्थ आधी ओशाळले, आणि मग सगळ्यांत मोठ्याने हसले. "खरंय हो," ते डोळे पुसत म्हणत होते, "अगदी खरंय." पांढऱ्या कुत्र्याच्या मालकीणबाईंनी कुत्र्याला कडेवर घेऊन पुढची जागा पकडली. फोटोवाला रडल्याचं ऐकून तर वन्संनाही हसू आलं. त्या लग्नात त्या हजर होत्या. 'माणुसकीला घाई नसते' या वाक्याला टाळी पडली. मूल्यमापक लाजले. आपण इतकं चांगलं बोलून गेलो होतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पोपट बोलला. काय बोलला ते हसण्यात कळलं नाही, पण मालकांनी त्याला पिंजऱ्यासकट मिठी मारली.

यंत्राचा काटा एव्हाना दुसऱ्याच, समाधानाच्या बाजूला टेकला होता. मूल्यमापक भराभर नोंदी करत होते. या दालनात एवढं समाधान आजवर कधीच नोंदलं गेलं नव्हतं. ज्याला त्याला हिरवी पट्टी बांधायला ते खिशातून पट्ट्या काढत होते आणि पट्ट्या पुरत नव्हत्या. काचेपलीकडे डॉक्टर एकटेच हातमोज्यांतले हात वर धरून उभे होते. त्यांना दालनातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त हसणारी माणसं दिसत होती, आणि टेबलावरची टोपली.

बाई बोलता बोलता थांबल्या.

त्यांनी टोपलीतला हात किंचित सरकवला, पुन्हा ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला. मग त्याच आवाजात, ज्या आवाजात त्या गेली कित्येक वर्षं पाण्यात काय सापडलं ते कळवत आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "साहेब गेले."

लोक हसले. पुढचा विनोद म्हणून हसले, मोकळेपणाने हसले, आणि त्याच्या पुढचं काय म्हणून बाईंकडे बघत राहिले. पुढचं काही येईना. हसणं आधी पुढच्या रांगेत थांबलं, मग मागच्या. रिकाम्या टोपलीच्या गृहस्थांना सगळ्यांत आधी कळलं. ते उठून उभे राहिले. मग वन्संना कळलं. मग दालनातून एक सुस्कारा निघाला, एकदम, सगळ्यांचा मिळून एक, इतका खोल की यंत्राचा काटा गर्रकन फिरून लालवर गेला.

मूल्यमापकांनी तत्परतेने बाईंच्या मनगटावरची हिरवी पट्टी कापली आणि लाल बांधली. दार सरकन उघडलं. डॉक्टर धावत आले, त्यांच्यामागे सलाइनची दांडी ढकलत दोन परिचारिका आल्या, आणि टोपली आत गेली. रुग्णालयाने त्या दिवशी साहेबांसाठी जे जे शक्य होतं ते सगळं केलं. त्यात कुणालाही बोट ठेवायला जागा नाही. बाईंना मऊ खुर्ची दिली, शाल दिली, माशांसमोर बसवलं. त्या रडल्या नाहीत. समुपदेशक बाईंनी लिहिलं की इतकी लवकर स्थिर झालेली पालक आपण पाहिलेली नाही.

आणि तुमचंही हसू आता थोडं उतरलं असेल. उतरलं असेल तर आभार. त्याची दखल घेतली गेली आहे, दार उघडं आहे. फक्त एक तांत्रिक बाब तेवढी नोंदवून ठेवायची: मघाशी तुम्ही हसत होतात, तेव्हा त्याचा श्वास चालू होता.